जकात नाक्यापासून दुबईच्या बंदरापर्यंत : रावेरच्या केळीतून शिकवू या 'व्यापार'



नववीच्या भूगोलात 'व्यापार' नावाचा पाठ आहे. आयात, निर्यात, व्यापार संतुलन, व्यापारी संघटना असे शब्द त्यात एकामागून एक येतात. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात. पण 'सीमाशुल्क म्हणजे काय रे?' असं सहज विचारलं की वर्ग शांत होतो. समुद्र, जहाज, बंदर हे सगळं रावेरच्या मुलाला फार लांबचं वाटतं. खरं तर हा विषय त्याच्या घराच्या इतका जवळचा आहे की पुस्तक बाजूला ठेवूनही पाठ शिकवता येईल. घरची केळी कापली, गाडी भरली, गाडी निघाली. आता ती कुठे कुठे थांबली, कोणी थांबवली, कशासाठी थांबवली, आणि थांबल्यामुळे कोणाचं किती गेलं? या चार प्रश्नांत सगळा पाठ आहे.

आधी शब्दांपासून सुरुवात करू या. 'नाका' आणि 'जकात' हे दोन शब्द मुलांना माहीत असतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आजही 'जुना जकात नाका' हा बसथांबा आहे. तिथे नाका नाही, नाकेदार नाही, पण नाव राहिलंय. जकात हा शब्द मूळ अरबी. तिकडे त्याचा अर्थ दानधर्माचा हिस्सा. आपल्याकडे आल्यावर तो गावात येणाऱ्या मालावरचा कर झाला. मुघलांच्या काळात रस्त्यावर वाटसरू व्यापाऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या कराला 'राहदारी' म्हणत. बादशहांनी हे कर माफ केल्याची फर्मानं काढली, जहांगीरनेही काढली, औरंगजेबानेही काढली. एकच कर दोन बादशहांना पुन्हा माफ करावा लागतो, याचा अर्थ काय, हे मुलांनाच विचारून बघा. हुशार मुलं लगेच ओळखतात की पहिल्यांदा तो बंद झालाच नव्हता!

आपल्या भागाला हे सगळं नवीन नाही. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा व्यापारी रस्ता खानदेशातूनच जात होता. इंग्रजांचा वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने बऱ्हाणपूरला पोचला. बऱ्हाणपूर रावेरपासून वीसेक किलोमीटर. आज मध्ये राज्याची हद्द आहे, पण बाजार, सोयरीक आणि भाव या तिन्ही बाबतीत रावेरला बऱ्हाणपूर कधी परकं नव्हतं.

आता या पाठातली सर्वांत रंगणारी गोष्ट. ही मुलांना सांगताना घाई करू नका.

सन १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे, म्हणजे मुंबई इलाख्यात गेला. १८३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातली मालाच्या वाहतुकीवरची अंतर्गत जकात रद्द झाली. योगायोग असा, की त्याच्या चारच वर्षं आधी, १ जानेवारी १८३४ ला, जर्मन भाषिक राज्यांनी 'त्सोलफेराइन' नावाचा जकात संघ सुरू केला होता आणि आपापसातले नाके उठवले होते. तेव्हा जर्मनी हा एक देशसुद्धा नव्हता. म्हणजे आधी बाजार एक झाला आणि देश नंतर, १८७१ मध्ये.

पण आपल्याकडे एक नाका उरला होता, आणि तो साधासुधा नव्हता. तो मिठाचा. बंगाल आणि उत्तर भारतात मिठावर जास्त कर, मुंबई आणि मद्रास इलाख्यात कमी. मग मुंबईकडचं स्वस्त मीठ चोरून उत्तरेत जाणारच. ते अडवण्यासाठी इंग्रज सरकारने देशाच्या मधोमध एक जकात रेषा आखली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, सुमारे २,३०० मैल म्हणजे ३,७०० किलोमीटर लांब होती आणि तिच्यावर जवळजवळ १२ हजार माणसं पहाऱ्याला होती. एवढ्यावर भागलं नाही म्हणून या रेषेवर शेकडो मैल काटेरी कुंपण वाढवलं गेलं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा झाडांचं जिवंत कुंपण, माणसाच्या दुप्पट उंचीचं. हे काम काही वर्षं ज्या अधिकाऱ्याने पाहिलं त्याचं नाव मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतं, पण वेगळ्या कारणासाठी. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम! १८६७ ते १८७० या काळात ते अंतर्गत जकातीचे आयुक्त होते. पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, तो भाग मुलं शिकलेलीच आहेत.

ही रेषा बऱ्हाणपूरच्या भागातून जात होती. बऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात आणि रावेर मुंबई इलाख्याच्या खानदेशात. म्हणजे आपण रेषेच्या बाहेर, बऱ्हाणपूर रेषेवर. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले. ती गाडी भुसावळ, रावेर, बऱ्हाणपूर, खांडवा अशीच पुढे जायची. एकीकडे देश जोडणारी रेल्वे आणि तिलाच छेदणारं काट्यांचं कुंपण. दोन्ही एकाच सरकारने बांधलेलं!

इथे फळ्यावर एक गणित मांडा. रेषेच्या आत मिठाच्या एका मणाला कर ३ रुपये. मुंबई इलाख्यात १ रुपया १३ आणे. सोळा आण्यांचा रुपया. फरक किती? १ रुपया ३ आणे. एक मण म्हणजे आजचे साधारण ३७ किलो. रात्री एक माणूस डोक्यावर अर्धा मण मीठ घेऊन कुंपणातून पलीकडे गेला तर त्याला किती सुटतात? साडेनऊ आणे. आता मुलांना विचारा, चोर कोणी तयार केला? करातल्या फरकाने की माणसाच्या स्वभावाने? वर्गात यावर भांडण होईल. होऊ द्या.

१ एप्रिल १८७९ ला ही रेषा मोडीत काढली. कशी, हे कळलं की आजची सीमाशुल्क सुधारणाही कळते, म्हणून थोडं थांबून सांगतो. सरकारने दोन गोष्टी केल्या. एक, मीठ जिथे तयार होतं तिथेच कर घ्यायची व्यवस्था केली. राजस्थानातलं सांभर सरोवर १८७० च्या सुमारास जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून करारावर घेतलं ते त्यासाठीच. उगमाशीच कर वसूल झाला की वाटेत माणसं उभी करायची गरज उरत नाही. दुसरं, दोन्हीकडचे दर जवळ आणले. फरक उरला नाही की चोरीत नफाही उरत नाही.

पण दर जवळ आणले म्हणजे नेमकं काय केलं? उत्तरेतला कर थोडा खाली आणला आणि मुंबई-मद्रासचा वर चढवला. १ रुपया १३ आण्यांचा दर आपल्याकडे अडीच रुपयांवर गेला. १८८२ मध्ये तो सगळीकडे २ रुपये झाला, म्हणजे उतरूनही आपल्या जुन्या दरापेक्षा वरच राहिला. रेषा गेल्याचा आनंद उत्तरेला, आणि त्याचा काही भार खानदेशातल्या गरिबाच्या भाकरीवर. 'बाजार एक झाला की सगळ्यांचाच फायदा' असं वाक्य पुस्तकात आलं तर मुलांना हे मीठ आठवावं, एवढीच माझी इच्छा. एकत्रीकरणाने एकूण फायदा होतो हे खरंच आहे. तो कोणाच्या ताटात किती पडतो, हा वेगळा प्रश्न.

स्वातंत्र्यानंतरचा भाग भराभर सांगता येतो. संविधानाच्या कलम ३०१ ने भारताच्या हद्दीत व्यापार आणि ये-जा मुक्त असेल असं म्हटलं, आणि पुढच्या कलमांनी त्यावर मर्यादाही घालून दिल्या. त्या मर्यादांच्या दारातून राज्यांचे प्रवेशकर, विक्रीकराचे नाके, नगरपालिकांची जकात हे सगळं आत आलं. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. महानगरपालिकांत तिच्या जागी २०१० पासून स्थानिक संस्था कर आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. मुंबईची जकात मात्र शेवटपर्यंत टिकली, ती १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला तेव्हा गेली.

जीएसटी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच महाराष्ट्रासह २२ राज्यांनी सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठवले. ट्रकवाल्यांच्या घरातल्या मुलांना विचारा, त्यांचे वडील किंवा काका आधीच्या रांगांविषयी सांगतील. परिवहन खात्याचे तपासणी नाके या निर्णयात नव्हते, हे मात्र मुलांना सांगायला विसरू नका. कर एक झाला म्हणून वजन, परवाना, गाडीचे कागद यांची तपासणी संपत नाही. 'नाके गेले' असं आपण सरसकट म्हणतो आणि मूल रस्त्यावर नाका बघतं, मग त्याला वाटतं गुरुजी काहीतरीच सांगतात.

ताज्या केळीवर जीएसटी नाही, आणि करमाफ मालाला ई-वे बिलही लागत नाही. मग केळीवाल्याला नाके उठल्याचा काय फायदा, असा प्रश्न चौकस मूल विचारेल. फायदा वेळेचा. कर ज्या मालावर होता तो लोखंडाचा ट्रक आणि कर नसलेला केळीचा ट्रक रांगेत एकामागे एकच उभे असायचे. लोखंडाला चार तास उन्हात उभं राहून काही होत नाही. केळी आतून गरम होते, पिकायला लागते. दिल्लीला पोचेपर्यंत माल पिवळा पडला तर व्यापारी भाव पाडतो, आणि ती तूट शेवटी बागायतदाराच्याच हिशोबात येते. थांबण्याचा खर्च कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो, म्हणून तो दिसत नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. नाका म्हणजे नुसता जाच नव्हता. जकातीच्या पैशातून गावाचे दिवे, गटारी आणि पाणी चालायचं. ती गेली आणि नगरपालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसू लागल्या. महाराष्ट्राला महापालिकांच्या भरपाईसाठी २०१७ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि केंद्राने राज्यांना पाच वर्षं भरपाईची हमी दिली तेव्हाच राज्यं जीएसटीला तयार झाली. जगातही हेच दिसतं. दक्षिण आफ्रिका आणि तिचे शेजारी यांचा जकात संघ १९१० पासून चालू आहे, जगातला सर्वांत जुना. त्यात लेसोथोसारख्या लहान देशाच्या तिजोरीचा मोठा भाग संघाच्या सामाईक जकातीच्या वाट्यातूनच येतो. एकत्र यायचं ठरवलं की पहिला प्रश्न सीमेचा नसतो, 'माझ्या वाट्याचं काय?' हा असतो. भावाभावांच्या वाटणीसारखंच आहे हे. मुलांना लगेच समजतं.

आता देशाबाहेर जाऊ या. जायला फार लांब जावं लागत नाही, आपल्याच तालुक्यातलं तांदलवाडी पुरेसं आहे.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२१ मध्ये या मानांकनाची २२ टन केळी दुबईला गेली, ती तांदलवाडीच्या शेतकऱ्यांच्या बागांतली होती. २२ टन म्हणजे १३ किलोच्या खोक्यांचा हिशोब धरला तर जवळपास १,७०० खोकी. हा आकडा मुलांकडूनच काढून घ्या.

ही केळी बागेतून बंदरापर्यंत कशी जाते? आपल्या रोजच्या कापणीपेक्षा फार वेगळी. घड पूर्ण भरण्याआधी, साधारण तीन चतुर्थांश पक्वतेला कापतात. घड जमिनीवर आपटत नाहीत, खांद्यावर उशी घेऊन नाहीतर तारेवर लटकवून आणतात. फण्या वेगळ्या करून पाण्यात धुतात, चीक काढतात, डाग असलेली फणी बाजूला जाते. खोक्यात भरून शीतगृहात १३-१४ अंशांवर आणतात. त्याहून थंड केली तर साल काळवंडते, त्याहून गरम राहिली तर वाटेतच पिकते. मग शीतकंटेनर, मग रस्त्याने उरणजवळचं न्हावा-शेवा बंदर, जे १९८९ मध्ये सुरू झालं, आणि तिथून जहाज.

कागदांची वाट याहून लांब. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे या मालात कीड-रोग नाही असं सरकारी अधिकाऱ्याने दिलेलं पत्र. उगम प्रमाणपत्र लागतं, माल खरोखर भारतातलाच आहे यासाठी. निर्यातदार सीमाशुल्क खात्याकडे जे निवेदन दाखल करतो त्याला शिपिंग बिल म्हणतात. पूर्वी हे कागद घेऊन एजंटाचा माणूस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरायचा. आता ते 'आइसगेट' या संकेतस्थळावरून भरले जातात. आयातीसाठी वेगवेगळ्या खात्यांच्या परवानग्या एकाच ठिकाणी मागायची 'एक खिडकी' १ एप्रिल २०१६ पासून सुरू झाली.

या सगळ्या सुधारणांत शिकवण्यासारखी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कंटेनरच्या कुलुपाची. पूर्वी निर्यातीचा कंटेनर अधिकाऱ्यासमोर भरून त्याचं सील लागायचं. अधिकारी येईपर्यंत माल वाट बघायचा. २०१७ पासून निर्यातदाराला स्वतःच्या आवारात कंटेनर भरून इलेक्ट्रॉनिक सील लावता येऊ लागलं. या सीलमध्ये एक चिप असते. बंदराच्या फाटकावर यंत्राने ती वाचली आणि वाटेत सील उघडलेलं नाही असं दिसलं की सगळे कंटेनर उघडून बघत बसावं लागत नाही. ज्याच्याविषयी शंका आहे तोच उघडायचा.

आता सांभर सरोवर आठवा. १८७९ मध्ये कुंपण मोडता आलं, कारण कर उगमाशी घेतला गेला. २०१७ मध्ये बंदरावरची रांग कमी करता येऊ लागली, कारण तपासणी पॅकहाउसमध्ये, म्हणजे पुन्हा उगमाशीच नेली. दीडशे वर्षांत यंत्रं बदलली, युक्ती तीच आहे. आणि तिची किंमतही तीच. उगमाशी तपासायचं तर उगमावर विश्वास हवा, नोंदी हव्यात. कोणत्या गटातली केळी, कोणती फवारणी कधी केली, कोणत्या तारखेला कापली, हे लिहून ठेवणारा शेतकरीच या साखळीत टिकतो. माझ्या वर्गातल्या मुलांना 'वही ठेवा' म्हटलं की कंटाळा येतो. पण शेतीची वही हा आता निर्यातीचा कागद झालाय, हे पालकांनी घरी सांगितलं तर जास्त पटेल.

नाशवंत मालाचा वेगळा विचार जागतिक पातळीवरही झालाय. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला. भारताने त्याला २०१६ मध्येच मान्यता दिली होती. त्यात नाशवंत मालासाठी स्वतंत्र तरतूद आहे : असा माल नेहमीच्या परिस्थितीत शक्य तितक्या कमी वेळात सोडायचा, तपासणीत त्याला अग्रक्रम द्यायचा, आणि तो ठेवायला योग्य जागा हवी. जिनिव्हाच्या कागदावर केळीच्या फणीचा विचार झाला असं मुलांना सांगायला हरकत नाही.

दुबईला पोचल्यावर काय होतं? सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमान या सहा देशांची आखाती सहकार्य परिषद १९८१ मध्ये झाली. जानेवारी २००३ पासून त्यांचा जकात संघ आहे. बाहेरच्या मालावर सहाही देशांत सामाईक दर, सर्वसाधारणपणे ५ टक्के, काही वस्तू माफ. तत्त्व असं, की माल एका देशाच्या बंदरात उतरून तिथे शुल्काचं काम झालं की पुढे दुसऱ्या सदस्य देशात जाताना पुन्हा शुल्क नाही. थोडक्यात, रावेरहून दुबईत उतरलेलं खोकं सहा देशांच्या बाजाराच्या दारात उभं असतं. युरोपातल्या देशांनी हे १९६८ मध्ये केलं, पूर्व आफ्रिकेतल्या केनिया, युगांडा आणि टांझानियाने २००५ मध्ये. याशिवाय भारत आणि अमिरात यांच्यातला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे.

उगम प्रमाणपत्र कशाला लागतं हे इथे नीट समजावता येतं. केळी आपल्या मातीत वाढली, आपल्याकडेच कापली. ती शंभर टक्के भारतीय. पण केळीचे वेफर्स? केळी रावेरची, तेल परदेशातून आलेलं, मग वेफर्स कोणाचे? करारात याचे नियम असतात. वर्गाचे दोन गट पाडा आणि वाद घालायला लावा, तास कसा गेला कळणार नाही.

याउलट आपल्या शेजारचं बघा. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे. तरीही या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपासच आहे. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने आणि ट्रकने दिल्लीपर्यंत, पुढे पंजाब-काश्मीरपर्यंत जाते. अमृतसरहून लाहोर पन्नासेक किलोमीटर. पण भारत आणि पाकिस्तान यांच्यातला व्यापार ऑगस्ट २०१९ मध्ये थांबला. पन्नास किलोमीटरवरचा बाजार बंद आणि समुद्रापलीकडचा उघडा. अंतर नकाशावर मोजता येतं, पण व्यापारातलं अंतर मोजायला दुसरीच पट्टी लागते.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण निर्यातीच्या बातम्या वाचून भलत्या आशा तयार होतात. जगातली सुमारे चौथाई केळी भारतात पिकते. २०१८-१९ मध्ये भारताने १.३४ लाख टन केळी निर्यात केली, तिची किंमत ४१३ कोटी रुपये. २०१९-२० मध्ये १.९५ लाख टन, ६६० कोटी रुपये. वाढ चांगली आहे. पण आपल्या एकूण उत्पादनाच्या मानाने ही निर्यात एक टक्काही नव्हती. आखाती बाजारात फिलिपिन्स आणि इक्वेडोर आधीपासून पाय रोवून बसलेत. आपल्या बहुतेक घरांतली केळी देशातच विकली जाते आणि तिचा भाव दुबईत ठरत नाही, रावेर आणि बऱ्हाणपूरच्या बाजारात ठरतो. सीमाशुल्काचं काम कितीही वेगवान झालं तरी जाहीर झालेला भाव आणि हातात पडलेला भाव यांतलं अंतर त्याने मिटत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, पण मोकळ्या बाजारात घासाघीस करायची ताकद ज्याच्याकडे, त्यालाच मोकळेपणा उपयोगी पडतो. माझं मत असं, की बंदरावरच्या सुधारणांइतकं लक्ष शेताच्या बांधावरच्या वजनकाट्याकडे दिलं असतं तर आपल्या तालुक्याला जास्त मिळालं असतं. कोणाचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा.

वर्गात हा पाठ मी तीन तासिकांत बसवतो. पहिल्या तासाला मीठ आणि कुंपण; भारताचा कोरा नकाशा देऊन सिंधूपासून महानदीपर्यंत रेषा काढायला लावतो आणि रावेर-बऱ्हाणपूर दाखवायला सांगतो. दुसऱ्या तासाला मुलं घरून कागद आणतात. केळीची काटापट्टी, ट्रकची बिल्टी, खताच्या दुकानाचं बिल, कोणाकडे असेल तर टोलची पावती. त्यावर कोणता कर, कोणी घेतला, केंद्राने की राज्याने, हे शोधायचं. खताच्या बिलावर दोन ओळींत कर लिहिलेला दिसतो, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. पण परराज्यातून आलेल्या मालाच्या बिलावर एकच ओळ असते. का, हे मुलांना शोधू द्या. उत्तर कळलं की जीएसटीचा अर्धा भाग समजला. कागद आणताना नावं आणि मोबाइल नंबर झाकून आणायला सांगा, आणि कोणाच्या घरचा भाव किती हे वर्गात वाचून दाखवू नका. गावात त्यावरून उगीच चर्चा होते.

तिसरा तास पालकांचा. वर्गातल्या कोणाचे वडील ट्रक चालवत असतील, कोणाची आई पॅकहाउसमध्ये फण्या धुण्या-भरण्याचं काम करत असेल, कोणाचे काका केळी व्यापाऱ्याकडे मुनीम असतील. त्यांतल्या दोघांना बोलवा. वीस-वीस मिनिटं पुरतात. त्यांना काय विचारायचं ते आदल्या दिवशी मुलांनीच ठरवून वहीत लिहावं, फक्त 'गाडी सर्वांत जास्त वेळ कुठे थांबते आणि तेव्हा तुम्ही काय करता?' हा प्रश्न त्यात असेल एवढं बघा.